हळकुंड ते डोळ्याचा पडदा: वनस्पतींतली संयुगं संगणकावर कशी तपासावीत

दिवाळी झाली की शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचे विषय घेऊन येऊ लागतात. सांगली जिल्ह्यातलं फार्मसी कॉलेज म्हटल्यावर बऱ्याच विषयांत हळद असतेच. कुणाच्या घरची दोन एकर हळद असते, कुणाचे काका मार्केट यार्डात अडत्याकडे कामाला असतात. तासगावकडची मुलं द्राक्षातलं रेस्व्हेराट्रॉल घेऊन येतात. आणि त्यांतल्या एकाचं तरी ठरलेलं वाक्य असतं, "मॅडम, डायबेटिक रेटिनोपॅथीवर डॉकिंग करायचंय."

डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणजे शुगरमुळे डोळ्याचा पडदा बिघडणं, आणि डॉकिंग म्हणजे एखादा लहान रेणू प्रथिनाच्या खोबणीत कसा आणि किती घट्ट बसेल याचा संगणकावर केलेला अंदाज. विषय चांगला आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, घरचा लॅपटॉप पुरतो, आणि आजार आपल्याच घराघरांत पोचलेला आहे. पण वीस मिनिटांचा व्हिडिओ बघून उरकलेलं डॉकिंग आणि नीट केलेलं डॉकिंग, दोन्हींतून निघणारे आकडे दिसायला अगदी सारखे असतात. फरक कुठे पडतो ते नव्यानं सुरुवात करणाऱ्याला कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी आत्याबद्दल सांगते. विट्याला राहणाऱ्या माझ्या आत्याला बरीच वर्षं शुगर आहे. पडद्याला सूज आली म्हणून डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं सांगितली. दोन झाली. मग मोबाईलवर कुणीतरी पाठवलं, की हळदीतल्या कर्क्युमिननं डोळ्याचा पडदा सुधारतो, शास्त्रज्ञांनी संगणकावर सिद्ध केलंय. तिनं पुढच्या दोन तारखा चुकवल्या आणि रोज रात्री हळदीचं दूध घेतलं. मिरजेला परत दाखवायला आणलं तेव्हा डाव्या डोळ्यात रक्त उतरलेलं होतं. त्या मेसेजच्या मागचा शोधनिबंध मी नंतर शोधून काढला. तो डॉकिंगचा होता, आणि त्यात 'सिद्ध' हा शब्द कुठेच नव्हता. पण आपण काय तपासलं आणि काय तपासलं नाही हेही त्यात धडपणे लिहिलेलं नव्हतं. ती रिकामी जागा मेसेज लिहिणाऱ्यानं भरली.

आजार समजल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नका

डोळ्याच्या मागच्या आतल्या बाजूला कॅमेऱ्यातल्या फिल्मसारखा पातळ थर असतो, तोच पडदा, म्हणजे रेटिना. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की या पडद्यातल्या केसासारख्या रक्तवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात, वाहिन्यांना बारीक फुगे येतात, त्या पाझरू लागतात. मधल्या भागात, म्हणजे मॅक्युलात, पाणी साचलं की अक्षरं वाकडी आणि पुसट दिसतात. पुढे काही भागाला रक्तच पोचेनासं होतं. मग ऑक्सिजनला आसुसलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि त्याच्या सांगण्यावरून नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात, फुटतात, आणि आत्यासारखं रक्त उतरतं.

आज डोळ्यात देतात ती रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट यांसारखी इंजेक्शनं हे व्हीईजीएफ बाहेरच्या बाहेर पकडून ठेवतात. ती मोठी प्रथिनं आहेत. वनस्पतींतले रेणू त्यांच्यापुढे फारच लहान. कर्क्युमिनचं वजन जेमतेम ३६८ डाल्टन, रॅनिबिझुमॅबचं सुमारे ४८,०००. त्यामुळे लहान रेणूनं इंजेक्शनाचं काम तसंच करावं ही अपेक्षा चुकीची आहे. लहान रेणूसाठी एखाद्या प्रथिनात खोबण लागते. व्हीईजीएफचा निरोप ज्या ग्राहक प्रथिनाला मिळतो त्या व्हीईजीएफआर-२ चा आतला भाग एन्झाइम आहे, आणि त्याला अशी खोल खोबण आहे. मात्र हा भाग पेशीच्या आत असतो. म्हणजे तुमच्या रेणूला पडद्यापर्यंत पोचून वर पेशीतही शिरावं लागणार. हे आत्ताच वहीत लिहून ठेवा, पुढे लागेल.

दुसरं नेहमीचं लक्ष्य म्हणजे अल्डोज रिडक्टेज. साखर जास्त झाली की हे एन्झाइम ग्लुकोजचं सॉर्बिटॉल करतं. खोबण सुबक आहे, स्फटिकरचना अतिशय स्पष्ट आहेत, म्हणून विद्यार्थ्यांना हे फार आवडतं. पण ते निवडण्याआधी इतिहास बघा. याच एन्झाइमला अडवणारं सॉर्बिनिल हे औषध रेटिनोपॅथीसाठी माणसांवर तपासलं गेलं, १९९० मध्ये निकाल आले, आणि आजाराची वाढ थांबल्याचं दिसलं नाही. म्हणून काम करूच नये असं नाही. पण प्रस्तावनेत हे न लिहिणं म्हणजे वाचणाऱ्यापासून लपवणं झालं.

पहिलाच प्रोजेक्ट असेल तर व्हीईजीएफआर-२ घ्या असं मी सांगते.

प्रथिनाची रचना आणि साफसफाई

प्रथिनांच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत मिळतात. १९७१ पासून चालू असलेला हा साठा सगळ्यांना खुला आहे. प्रत्येक रचनेला चार अक्षरी नाव असतं. आपल्याला हवी ती '४एएसडी': व्हीईजीएफआर-२ चं एन्झाइम आणि त्याच्या खोबणीत बसलेलं सोराफेनिब हे कर्करोगावरचं औषध. आत औषध बसलेलीच रचना घ्यायची. का ते पुढे कळेल.

फाइल उतरवल्यावर त्यात प्रथिनाबरोबर पाण्याचे रेणू, स्फटिक बनवताना वापरलेली रसायनं आणि सोराफेनिब असं सगळं एकत्र असतं. सोराफेनिब वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा, फेकू नका. पाणी काढा. हायड्रोजन जोडा, कारण क्ष-किरणांच्या चित्रात ते सहसा दिसत नाहीत. मग ऑटोडॉक या डॉकिंगच्या सॉफ्टवेअरच्या साधनांतून फाइल पीडीबीक्यूटी रूपात, म्हणजे त्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा रूपात, जतन करा.

इथे मी स्वतः केलेली चूक सांगते. एम.फार्मला असताना मी अल्डोज रिडक्टेजवर काम करत होते. 'प्रथिन सोडून बाकी सगळं काढा' असं एका टिपणात वाचलं होतं, म्हणून सगळं काढलं. त्या 'सगळ्या'त एनएडीपी होतं. हा त्या एन्झाइमचा कायमचा जोडीदार; तो नसेल तर एन्झाइम कामच करत नाही. तो गेल्यावर आत एक लांबलचक रिकामी जागा तयार झाली आणि माझी झाडून सगळी संयुगं त्यात मजेत जाऊन बसली. आकडे इतके छान आले की मी दोन दिवस हवेत होते. तिसऱ्या दिवशी पायमॉलमध्ये रेणू फिरवून बघताना लक्षात आलं, की टायरोसिन ४८, हिस्टिडिन ११० आणि ट्रिप्टोफॅन १११ ही अमिनो आम्लं (आकडा म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला क्रमांक), म्हणजे ज्यांना खरं औषध धरून बसतं ते तिघंही माझ्या रेणूपासून लांब उभे आहेत. तीन आठवड्यांचं काम गेलं. सॉफ्टवेअरनं एकदाही तक्रार केली नाही, कारण त्याच्या दृष्टीनं जागा रिकामीच होती.

म्हणून काहीही काढून टाकण्याआधी त्या रचनेचा मूळ शोधनिबंध उघडा आणि आत कोण कोण आहे ते वाचा. अर्धा तास लागतो.

संयुगं गोळा करणं

इथे मुलं सगळ्यात जास्त घाई करतात, आणि इथेच आपल्या मातीतली माहिती खरी उपयोगी पडते.

चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेनं केलेला इम्पॅट हा संग्रह भारतीय औषधी वनस्पतींसाठी उत्तम आहे. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० वनस्पती आणि १७,९६७ संयुगं आहेत. एखाद्या वनस्पतीच्या कोणत्या भागात कोणतं संयुग मिळतं हे त्यात बघता येतं. पानातलं संयुग मुळाच्या नावावर खपवू नका. पबकेम या रेणूंच्या खुल्या साठ्यावरून प्रत्येकाची रचना उतरवता येते: कर्क्युमिनचा क्रमांक ९६९५१६, क्वेर्सेटिनचा ५२८०३४३, रेस्व्हेराट्रॉलचा ४४५१५४.

आता कर्क्युमिन जवळून बघू. पबकेमवरच्या नोंदीत ते किटो रूपात काढलेलं आहे, मधोमध दोन ऑक्सिजन दुहेरी बंधांनी जोडलेले आणि त्यांच्यामध्ये वाकू शकणारा कार्बन. पण द्रावणात बहुतांशी ते ईनॉल रूपात असतं. एक हायड्रोजन कार्बनवरून ऑक्सिजनवर सरकतो आणि मधला भाग सपाट, ताठ होतो. वाकणारी काठी आणि ताठ काठी एकाच खोबणीत एकसारख्या बसणार नाहीत. म्हणजे नोंद उतरवून तशीच चालवली तर तुम्ही प्रत्यक्षात कमी असलेल्या रूपाचा हिशेब केलात. ईनॉल रूप स्वतः काढा, दोन्ही चालवा, दोन्हींचे निकाल द्या. हळदीत कर्क्युमिनबरोबर त्याची दोन भावंडं असतात, डिमेथॉक्सीकर्क्युमिन आणि बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन. तीही घ्या. एकेक मेथॉक्सी गट गळत गेल्यावर काय फरक पडतो हे बघणं प्रोजेक्टसाठी फार शिकवणारं असतं.

रेस्व्हेराट्रॉल घेताना ट्रान्स रूपच घेतलंय ना ते तपासा. आम्लं आणि अमाइनं असलेल्या रेणूंवर शरीरातल्या ७.४ पीएचला कोणता भार असेल ते बघून मगच पुढे जा; ओपन बॅबेल हे करून देतं, पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. साखर जोडलेल्या संयुगांबद्दल सावध राहा, त्याचं कारण आकड्यांपाशी येईल.

गाळणी म्हणून लिपिन्स्कीचा १९९७ चा नियम सगळे लावतात: वजन ५०० पर्यंत, चरबीत विरघळण्याचा लॉग पी ५ पर्यंत, हायड्रोजन बंध देणारे ५ आणि घेणारे १० पर्यंत. स्विसएडीएमई या संकेतस्थळावर हे मिनिटभरात कळतं. लावा, पण लक्षात ठेवा की हा नियम तोंडानं घ्यायच्या औषधांचा आहे. डोळ्याचा विचार वेगळा. रक्त आणि पडदा यांच्यामध्ये दुहेरी भिंत असते, आतली पडद्याच्या रक्तवाहिन्यांची आणि बाहेरची पडद्याखालच्या रंगद्रव्य पेशींची. डोळ्यात टाकलेल्या थेंबातलं औषध सहसा पाच टक्केही आत शिरत नाही, मागच्या पडद्यापर्यंत तर त्याहून कितीतरी कमी. तुमचा रेणू तोंडानं, थेंबानं की सुईनं जाणार आहे हे ठरवा आणि गाळणी त्याप्रमाणे निवडा.

झेंडूचं उदाहरण इथेच द्यायला हवं. दसऱ्याला आपल्याकडे झेंडूचे ढीग लागतात. जगभर ल्युटिन काढलं जातं ते मुख्यतः झेंडूच्या पाकळ्यांतूनच. हे ल्युटिन आपल्या मॅक्युलात पिवळ्या रंगाच्या रूपात साठलेलं असतं. लिपिन्स्कीच्या गाळणीत ते सपशेल नापास होतं: वजन ५६९ च्या आसपास, आणि चरबीत प्रचंड विरघळणारं. तरीही पडद्याच्या आजारावर माणसांत मोठ्या प्रमाणावर तपासल्या गेलेल्या वनस्पतिज संयुगांत त्याचं नाव आघाडीवर आहे. एरेड्स-२ या चाचणीत चार हजारांहून जास्त लोक होते. रोज १० मिलिग्रॅम ल्युटिन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन, आजार वयोमानानुसार होणारा मॅक्युलाचा. २०१३ मध्ये निकाल आला: आधीच्या एरेड्स चाचणीतल्या गोळीत (तिच्यात बीटा-कॅरोटीन होतं) नुसती भर घालून वाढीव फायदा स्पष्ट दिसला नाही, पण बीटा-कॅरोटीनच्या जागी ही जोडी घालणं योग्य ठरलं, कारण बीटा-कॅरोटीननं धूम्रपान केलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ल्युटिन एखाद्या एन्झाइमच्या खोबणीत बसून काम करत नाही, म्हणून डॉकिंगनं ते कधीच शोधून काढलं नसतं. डॉकिंग एकाच प्रकारच्या प्रश्नाचं उत्तर देतं. आपला प्रश्न त्या प्रकारचा आहे का, हे आधी बघायचं.

आधी उत्तर माहीत असलेलं गणित सोडवा

या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितला असेल तर आठवा. ढिगातली हळकुंडं हातात घेऊन व्यापारी एखादं मोडतो आणि आतला रंग बघतो. बाहेरून पॉलिश केलेलं सगळंच पिवळंधमक दिसतं. तुमची डॉकिंगची पद्धतही एकदा अशी मोडून बघायची असते, आणि त्यासाठीच सोराफेनिब बाजूला काढून ठेवलं होतं.

सोराफेनिबची रचना नव्यानं, सपाट सूत्रापासून तयार करा. स्फटिकातलीच प्रत वापरली तर रेणू आधीच योग्य आकारात वळलेला असतो आणि परीक्षा सोपी होते. मग तो रिकाम्या खोबणीत डॉक करा. स्फटिकात जसा बसला होता तसाच बसला का? दोन्हींतलं अंतर आरएमएसडी या मापानं मोजतात, आणि ते २ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) आत आलं तर पद्धत चालते असं धरतात.

मोजतानाही मुलं हमखास चुकतात. सॉफ्टवेअरमध्ये 'जुळवून घ्या' असं बटण असतं. ते दाबलं की दोन्ही रेणू एकमेकांवर सरकवले जातात आणि मग अंतर मोजलं जातं. अर्थात ते कमीच येणार! रेणू खोबणीच्या भलत्याच टोकाला बसला असला तरी आकडा छान दिसतो. सरकवायचं नाही, दोन्ही जिथे आहेत तिथेच ठेवून मोजायचं. ओपन बॅबेलमधलं ओबीआरएमएस हे साधन तसं मोजतं आणि बेंझिनसारख्या वर्तुळाच्या सारख्या बाजूही ध्यानात घेतं.

आकड्यानंतर डोळ्यांनी बघा. सोराफेनिबचा मधला युरियाचा भाग ग्लुटामेट ८८५ आणि अॅस्पार्टेट १०४६ यांना धरतो, टोकाचा भाग सिस्टीन ९१९ ला धरतो. तुमच्या चित्रात हे तिन्ही बंध दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर पेटी (सॉफ्टवेअर रेणूसाठी जागा शोधतं तो चौकोनी भाग), हायड्रोजन, भार यांपैकी काहीतरी चुकलंय. परत मागे जा. हळदीकडे अजून वळू नका.

एवढ्यावर मी थांबत नाही. दुसरी परीक्षा आमिषांची. ड्यूड-ई या २०१२ च्या संग्रहात १०२ प्रथिनांसाठी दोन याद्या दिल्या आहेत: एक खरोखर काम करणाऱ्या रेणूंची आणि दुसरी, दिसायला-वजनाला तसेच पण काम करणार नाहीत असं धरलेल्या आमिष रेणूंची. व्हीईजीएफआर-२ आणि अल्डोज रिडक्टेज दोन्ही त्यात आहेत. वीस खरे आणि दोनशे आमिष उचला, सगळे चालवा, आकड्यांप्रमाणे रांग लावा. खरे रेणू रांगेत वरच्या बाजूला गोळा झाले तर तुमची पद्धत काहीतरी ओळखते आहे. सगळे मिसळलेलेच राहिले तर त्या पद्धतीनं कर्क्युमिनला कितीही सुंदर आकडा दिला तरी त्याला किंमत नाही. एका रात्रीचं काम आहे. पदवीच्या प्रोजेक्टमध्ये हे केलेलं मी फार क्वचित बघते, आणि ज्यांनी केलं त्यांच्याशी बोलताना परीक्षकाचा सूरच बदलतो.

प्रत्यक्ष चालवणं

ऑटोडॉक व्हिना वापरा. २०१० मध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. शोधाची पेटी सोराफेनिबच्या मध्याभोवती ठेवा, प्रत्येक बाजू २२ ते २५ अँगस्ट्रॉम. घनफळ २७,००० घन अँगस्ट्रॉमच्या पुढे गेलं की व्हिना स्वतःच इशारा देतं. अख्ख्या प्रथिनाभोवती पेटी घालायचा मोह टाळा.

'एक्झॉस्टिव्हनेस', म्हणजे किती कसून शोधायचं, हा आकडा न सांगता ८ असतो, तो १६ किंवा ३२ करा. प्रत्येक रेणू वेगवेगळ्या सीडनं, म्हणजे शोध जिथून सुरू होतो त्या यादृच्छिक आकड्यानं, तीनदा चालवा. तीनदा तीन वेगळ्या जागी बसला तर तसंच लिहा. सॉफ्टवेअरची आवृत्ती, सीड, पेटीचे सहा आकडे हे सगळं त्याच दिवशी वहीत. नंतर आठवत नाही. चार्जर लावून चालवा, आणि वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर मोठी यादी रात्री लावा.

आकडे वाचणं

व्हिना प्रत्येक रेणूला उणे काहीतरी असा आकडा देतं, किलोकॅलरी प्रति मोलमध्ये. जितका जास्त उणे तितकं बसणं घट्ट, असं मानतात. एवढं वाचून मुलं तक्ता करतात आणि पहिल्या नंबरला टिळा लावतात.

पण ही मोजपट्टी किती जाड आहे ते बघा. व्हिना बनवणाऱ्यांनी स्वतःच सांगितलेली चूक सुमारे २.८५ किलोकॅलरी आहे. आणि सुमारे १.३६ किलोकॅलरीचा फरक म्हणजे घट्टपणात दहापट फरक. म्हणजे ती चूक शंभरपटीहून जास्त झाली. अशा पट्टीवर उणे ८.४ आणि उणे ८.९ यांत कोण पुढे हे ठरवता येत नाही. वहिनीच्या गळ्यातलं सोनं भाजीच्या काट्यावर तोलण्यातला प्रकार आहे हा.

दुसरं, मोठा रेणू आपोआप वर येतो, कारण त्याला चिकटायला जागा जास्त. साखर जोडलेल्या संयुगांचा मुद्दा हाच. समजा, रुटिनला, म्हणजे साखर जोडलेल्या क्वेर्सेटिनला, उणे ९.५ आला आणि क्वेर्सेटिनला उणे ८.५. रुटिन जिंकलं? रुटिनमध्ये हायड्रोजन सोडून ४३ अणू आहेत, क्वेर्सेटिनमध्ये २२. अणूमागे भागलं तर रुटिनला ०.२२ आणि क्वेर्सेटिनला ०.३९ येतं. शिवाय तोंडानं घेतलेल्या रुटिनची साखर मोठ्या आतड्यातले जीवाणू तोडतात आणि क्वेर्सेटिनच उरतं. तक्त्यात अणूमागचा आकडा हा रकाना हवाच. कर्क्युमिनमध्ये असे २७ अणू, सोराफेनिबमध्ये ३२.

आकड्यापेक्षा बैठक बघा. सिस्टीन ९१९ ला धरलंय का? ग्लुटामेट, अॅस्पार्टेट? की नुसतं खोबणीच्या तोंडाशी लटकलंय? जे सोराफेनिब करतं त्यातलं काहीच न करता फक्त आकडा चांगला आला, तर मी त्या रेणूला यादीतून खाली घेते.

आणि शेवटची चाळण म्हणजे फसवे रेणू. प्रयोगशाळेत जवळजवळ प्रत्येक चाचणीत 'काम करतो' असं दाखवणारे काही रेणू असतात. त्यांना ओळखायची पेन्सची यादी २०१० मध्ये आली, आणि स्विसएडीएमईमध्येही ती तपासता येते. आपलं कर्क्युमिन या बाबतीत बदनाम आहे. ते प्रकाशमान असल्यानं प्रकाशावर आधारलेल्या चाचण्यांत गोंधळ घालतं, प्रथिनांशी रासायनिक बंधही करतं. शरीरासारख्या पीएचला, ३७ अंशांवर, सीरम नसलेल्या द्रावणात अर्ध्या तासात त्याचं सुमारे ९० टक्के विघटन झाल्याची नोंद आहे. तोंडानं घेतलेलं रक्तात फारच थोडं उतरतं. व्हिनाला यातलं काहीही माहीत नसतं. त्याला फक्त एक न बदलणारा, न विरघळणारा, न फुटणारा रेणू दिसतो.

हे मी हळदीला कमी लेखायला लिहीत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मलाही अभिमान वाटला होता. हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं मी लहानपणी आजोबांचं बोट धरून बघितली आहेत. पेव उघडल्या उघडल्या आत उतरू देत नसत, आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायची. आपल्या मालावर प्रेम असेल तर त्याच्याबद्दल पुरावा असेल तेवढंच बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

मॉलिक्युलर डायनॅमिक्सचं, म्हणजे रेणू क्षणाक्षणाला कसे हलतात याच्या संगणकी हिशेबाचं विचाराल, तर ग्रोमॅक्स या सॉफ्टवेअरवर १०० नॅनोसेकंदांची चाल दाखवली की निबंध भारी दिसतो. चांगला जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) हाताशी असेल आणि कुणी शिकवणारं असेल तर करा. आमिषांची परीक्षा न करता हे करण्यात मात्र अर्थ नाही.

लिहिताना आणि पुढे

अहवालाच्या सारांशात 'प्रभावी', 'उपचार', 'सिद्ध' हे शब्द वापरू नका. असं लिहा: अमुक आवृत्तीच्या व्हिनानं, अमुक रचनेच्या अमुक खोबणीत, या संयुगांपैकी ही दोन सोराफेनिबसारखी बैठक घेताना दिसली, प्रत्यक्ष एन्झाइमवर ती तपासलेली नाहीत. शेवटचा तुकडा सारांशातच हवा, आत पान बारावर नको. मेसेज पाठवणारे सारांशच वाचतात. घरच्यांनी विचारलं तर त्यांनाही हेच सांगा, आणि शुगर असलेल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायला न्या. डोळ्यात हळद, मध, कुठलाही रस घालू द्यायचा नाही.

वनस्पती गोळा करायला साताऱ्याच्या घाटात जायचं तर आधी थांबा. संगणकाला झाड लागत नाही. नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या औषधांसाठी लागणारं संयुग आहे हे कळल्यावर सह्याद्रीतल्या त्या झाडाची काय लूट झाली ते घाटातल्या लोकांना विचारा. यादीत नाव आलं म्हणून कुणाच्या मुळावर यायचं नाही.

निकाल खरंच आशादायक वाटले तर पुढची पायरी शुद्ध एन्झाइमवरची चाचणी. मग रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी, पडद्याच्या रंगद्रव्य पेशी. प्राणी त्याच्या बऱ्याच नंतर. ज्या प्रयोगशाळेत अशी सोय आहे तिथे एक पानाचं पत्र लिहा, सोबत आमिषांच्या परीक्षेचा तक्ता जोडा. प्रकाश न वापरणारी दुसरी एखादी चाचणीही करता येईल का, हे कर्क्युमिनच्या बाबतीत मुद्दाम विचारा. आणि नमुना म्हणून घरची हळदपूड नेऊ नका. तिच्यात कर्क्युमिनॉइडं, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याची भावंडं मिळून, जेमतेम दोन ते पाच टक्के असतात. शुद्धतेचं प्रमाणपत्र असलेलं संयुग विकत घ्या, उजेड लागणार नाही अशा बाटलीत ठेवा, द्रावण त्या त्या दिवशी ताजं करा, आणि बाटलीवरचा लॉट नंबर वहीत उतरवा, व्हिनाच्या सीडच्या खालच्या ओळीत.